खुर्चीत बसून आत जाणारे काका

अकोल्यातली सगळी मंगल कार्यालयं पाहिलेला माणूस एकच, तो म्हणजे जठारपेठेतले आमचे शेजारचे काका. फक्त त्यांनी मांडव एकाही ठिकाणचा पाहिला नाही. सगळीकडचे संडास पाहिले. कारण काकू. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली, चाकाची खुर्ची आली, आणि बाहेर सोय नसते म्हणून त्यांनी लग्नकार्यांना जाणंच सोडलं. घरी संडासाला काका त्यांना धरून नेत, धरून आणत. पण पत्रिका आली की काकूंची रिकामी खुर्ची ऑटोत टाकून काका कार्यालयात हजर. संडासापर्यंत स्वतःच्या पायांनी ताठ चालत, तिथे खुर्चीत बसत आणि चाकं ढकलत आत शिरत. आत वळताना हमखास अडकत, आणि लोक मदतीला धावले की उठून उभे राहत. एकदा तर एका म्हाताऱ्या बाईंनी चमत्कार समजून हात जोडले.

कायद्याने आता अशा जागी दिव्यांगांना वापरता येईल असा संडास हवा. दार रुंद आणि बाहेर उघडणारं, आत खुर्ची पुरती वळेल एवढी जागा, धरायला दांडे, पडल्यावरही हाताशी येईल अशी घंटेची दोरी. काका हे मला समजावत आणि मी अधिकच गोंधळत असे. एके ठिकाणी दांडे झकास, पण दारालाच पायरी. दुसरीकडे उतार होता, तर आत मांडववाल्याच्या गाद्या रचलेल्या. "पण दार बाहेरच काहून उघडावं?" मी विचारलं. "आत मानूस पडला तं दार त्याच्याच आंगावर ढकलशीन काय?" एका मॅनेजरला काकांनी विचारलं, "सुगम्य शौचालय हाय का?" तो म्हणाला, "सुगम संगीत हाय, पन त्याचे पैसे अलग." काका चक्रावून परत आले. "संडासात गानं कोन म्हनते बाप्पा?"

शेवटी काकूंच्या सख्ख्या भाचीचं लग्न अमरावतीला ठरलं. तिथल्या संडासात दांडा होता, पण नेमका काकूंच्या लुळ्या हाताच्या बाजूला. काकांनी मालकाशी एवढी हुज्जत घातली की त्याने दुसऱ्या बाजूलाही दांडा बसवून दिला. नवरीच्या बापाला वाटलं, काका मानपानावरून रुसले.

लग्नाला काकू आल्या, मीही सोबत होतो. अक्षता पडल्या आणि थोड्या वेळाने काकूंना मागे संडासात जायचं झालं. काका सवयीने त्यांच्यामागून आत शिरायला लागले, तर काकूंनी चांगल्या हातापायाने खुर्ची वळवली.

"तुमी कुठी येता? जा, जेवून घ्या. माहं होते मले."

दार ओढलं गेलं. आतून कडी लागली.

या बंद दारासाठीच काकांनी एवढी वणवण केली होती, पण ते लागल्यावर आपण कुठल्या बाजूला असू, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मी त्यांच्या हातात ताट दिलं. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. पंगतीकडे न जाता ते ताट धरून दारासमोर तसेच उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "आता मी काय करू रे?"