ओवीतलं नाव आणि एकच टिक

मंडळी, आज सकाळपासून आमचं सगळं घर एका मोबाइलकडं बघत बसलंय. नातू राजू फौजेत हाय, सीमेवर. परवाच्या मेसेजला अजून एकच टिक. फोन लावला की बाई म्हणते, संपर्क क्षेत्राबाहेर. जीव नुसता टांगणीला लागलाय.

मी लहान होते तवा थोरला दादा महायुद्धावर गेला होता. कराडजवळच्या आमच्या गावात कुठला फोन? आई पहाटे जात्यावर बसायची आणि शेवटच्या ओवीत दादाचं नाव घ्यायची. मी गोधडीत जागी राहून त्या नावाची वाट बघायची. नाव आलं की वाटायचं, दादा हाय. मग डोळा लागायचा.

आज घरात जातं न्हाई. मिक्सरच्या घरघरीत माझ्या तोंडून आईच्याच चालीवर राजूचं नाव गेलं. सुनेनं, राजूच्या आईनं, मिक्सर बंद केला.

"आत्या, पुन्यांदा म्हणा की."

म्हटलं. तिचा चेहरा जरा निवला.

दादा परत आला होता. पण आज कळलं, त्या सगळ्या पहाटी आईलाबी काहीच ठाऊक नसायचं.

टिक अजून एकच हाय. तुमी अशा वेळी काय करता?