ध्येयपंतांचं कुलूप

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळी गल्ली ध्येयपंत म्हणते. त्यांना ते कौतुकच वाटतं, आणि हा गैरसमज दूर करण्याइतकं निर्दय आमच्यात कोणी नाही. माणसाच्या वाट्याला एकच थोर कार्य येतं आणि ते सापडेपर्यंत भलत्या कामाला हात लावायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. ते त्यांनी निष्ठेने पाळलं. विमा कचेरी सोडली, छापखाना सोडला, मेव्हण्याचं दुकान तर दुपारच्या जेवणाआधीच सोडलं. मग खिडकीशी आरामखुर्ची टाकून ध्येयाची वाट बघत बसले. वाट बघायला चहा लागतो. तो बायको कामावर जाताना थर्मासमध्ये भरून ठेवायची.

एका रविवारी तिचा धीर सुटला. "मी ताईकडे चालले, कायमची. तुमचं ध्येय आलं की चहा त्यालाच करायला सांगा," म्हणाली आणि बॅग भरायला आत गेली.

इकडे पंतांच्या मनात आलं, ही जाताना नुसतं दार ओढून घेईल, तरी कुलूप आपोआप लागेल. ते कसं? संसार मोडायला निघालाय आणि गृहस्थांना हा प्रश्न! पण पडला खरा. दार आतून लावून त्यांनी स्क्रू काढून कुलूप खोललं. फरशीवर सुटे भाग पसरले आणि खटका चौकटीत रुतला तो हलेचना.

बायको बॅग घेऊन आली. "सरका."

"दार उघडत नाहीये गं."

"मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दाम काही जमलंय का मला आजवर?"

हे मात्र तिला पटलं. ती बॅगेवरच बसली. रागाने बघता बघता नुसतीच बघायला लागली. मग म्हणाली, "ही एवढीशी स्प्रिंग कशाला असते?"

एरवी प्रत्येक प्रश्नावर व्याख्यान देणारे पंत म्हणाले, "माहीत नाही. टॉर्च धर, बघू."

दार उघडलं तेव्हा दोघांचे हात काळे झाले होते. बायकोने ते दोनदा उघडून, लावून पाहिलं आणि ताईला फोन केला. "आज नाही येत. आता कपाटाचं कुलूप खोलायचं म्हणतायत. बघते तरी, आत काय असतं."

हल्ली पंत चौकातल्या किल्लीवाल्याकडे कामाला जातात. थर्मास स्वतः भरून नेतात. "हे आपलं तात्पुरतं हं," असं गिऱ्हाइकांना न विचारता सांगतात.

परवा मी विचारलं, "काय, सापडलं का ध्येय?"

"थांबा हो मास्तर," हातातल्या कुलपावरून मान वर न करता ते म्हणाले, "यात काय अडकलंय ते आधी बघू द्या."