गेटवरची कण्हेर

रोपवाटिकेत रोपं कितीही जपा, मरतात. किस्से मात्र पाणी न घालता वाढतात! आमची रोपवाटिका आखाडा बाळापूरच्या बाहेर, रस्त्याला लागून. मी गिऱ्हाईक सांभाळतो, बापूराव राखण आणि छाटणी करतात, आणि उरलेलं सगळं गोदाकाकू! गेटवरची कण्हेर बापूरावांनी स्वतः लावलेली, लेकरासारखी वाढवलेली. मालकांनी बजावून ठेवलंय, "विषारी झाड आहे. एक जरी तक्रार आली, तर मुळासकट काढायचं!" तेव्हापासून बापूराव तिची वकिली करत असतात.

*

डोंगरकडा गावचं एक गिऱ्हाईक आलं. "बारा महिने हिरवं राहील, पाणी मागणार न्हाई, शेळ्या खाणार न्हाईत, असं झाड हाय का?"

बापूरावांनी लगेच गेटकडं बोट केलं. मी आपलं सांगून टाकलं, "पान, फूल, चीक, सगळं विषारी असतं बरं का."

"मंग तर बराबर! भावाच्या बांधाला लावतो!"

*

मालकांच्या हुकमावरून झाडाला 'विषारी' अशी पाटी लावली. श्रावणी सोमवारी सकाळी पाटी जागेवर, फुलं गायब! रस्त्यानं चाललेल्या एका आजींच्या ताटात ती सापडली.

"आजी, पाटी वाचली न्हाई का?" बापूरावांनी विचारलं.

"वाचली की! महादेवानं हलाहल पचवलं, त्याला तुमच्या कण्हेरीची काय तकलीफ?"

*

थंडीत हुरड्याचा बेत केला. खतवाला सेल्समन हौशी, त्यानं कण्हेरीच्या वाळक्या काटक्या आगटीत रचल्या. काडी ओढायच्या आत गोदाकाकूंनी भरली कळशी ओतली!

"धूरबी वंगाळ असतो हिचा! हुरडा खायचा का फोटूला हार घालून घ्यायचा?"

सेल्समन पांढराफटक पडला. बापूराव तेवढ्यातही म्हणाले, "पण शेळ्या तोंड लावत न्हाईत!"

*

यंदा मात्र शेळीनं तोंड लावलं. उन्हाळ्यात बापूरावांनी कण्हेर छाटली आणि फांद्या कुंपणाबाहेर टाकल्या. ओल्या पानाला शेळी तोंड लावत नाही हे खरं, पण पाला वाळला की तिला ते कळत नाही. आमच्या चहाला जिचं दूध, त्या गोदाकाकूंच्या शेळीनं तो खाल्ला आणि ती आडवीच झाली. डॉक्टर आले, औषधं झाली. बापूराव शेळीपाशी मान खाली घालून बसून राहिले, जेवायलासुद्धा उठले नाहीत. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी शेळी उभी राहिली. बापूराव तडक गेटवर आले ते कुऱ्हाड घेऊनच. "गोदाबाई, तुमी मालकाला सांगायच्या आधी मीच तोडतो."

गोदाकाकूंनी त्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

"काहून? मागच्या बारीला तोडली, तवाच तर खाल्ली न् तिनं! उभी व्हती तवर कुणाला काय केलं व्हतं?"

काकूंनी बापूरावांपुढं चहाचा कप धरला.

"घ्या. काही दिस कोराच प्यावा लागन."