टोळीच्या तेलावर चाललेली जीप

बाळांनो, तुमची आई लहानपणी एकदा तापाने फणफणली, म्हणून आम्ही तिला आलापल्लीच्या जंगलातून जीपने चांद्याच्या इस्पितळात नेत होतो. वाटेत तेलाच्या दाबाचा काटा एकदम शून्यावर आला. मागून येणारा लाकडाचा ट्रक थांबला. त्याच्या ड्रायव्हरने जीपखाली शिरून पाहिले. दगड लागून तेलाचे बूच उडाले होते.

"तशीच नेतो," तुमचे आजोबा म्हणाले.

त्याने सरळ किल्ली काढून खिशात घातली. "इंजिन जाम झालं त पोरीले कायनं नेसान, साहेब?"

मग तो सागाचे बूच तासत बसला. नीट बसेना, की पुन्हा तासायचा. अखेर ते घट्ट ठोकून त्याने ट्रकमधून टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाचा डबा आणला आणि सगळा इंजिनात ओतला.

"भाऊ, हे तर तुमच्या स्वयंपाकाचं!" मी म्हणाले.

"हो बाई. आता बायको मलेच तळीन म्हणन, पण तेल कुठी हाय?"

त्याने स्वतः जीप सुरू केली. काटा चढून स्थिरावला तेव्हाच तो उतरला. "हळू न्या. काटा पडला त थांबजा."

चांदा जवळ आले तसा तापलेल्या तेलाचा वास जीपभर पसरला. सकाळपासून निपचित पडलेल्या तुमच्या आईने माझ्या मांडीवर डोळे उघडले.

"आई, भजी कोण तळतंय?"