कंचनबाईची पिशवी

मीनाताईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि तेवढीच वर्षं कॉपी करणारी मुलं पकडली. निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर, प्रकाशरावांबरोबर, त्यांनी शहराबाहेर भैरवगढ़च्या पुढे दोन बिघे जमिनीवर चाळीस देशी कोंबड्या आणि पाच बकऱ्या पाळल्या. कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरायच्या. मीनाताईंची नजर मात्र वर्गातलीच राहिली. त्यात गिऱ्हाइकंही तशीच. पांढरी अंडी चहात रंगवून देशी म्हणून खपवणारे बरेच, म्हणून शहरातल्या माधव नगरच्या बायका अंडं उजेडात धरून विचारत, “भाभीजी, चाय के पानी में रंगा तो नहीं?”

चैत्रात अंडी घटली. रोजची पंचवीस मिळायची, ती दहा-बारावर आली.

“गर्मी आहे ना, म्हणून,” प्रकाशराव म्हणाले.

“गर्मीनं एकदम निम्मी?” मीनाताईंचा संशय झाडलोटीला येणाऱ्या कंचनबाईवर होता. दुपारी ती पदराखाली काहीतरी घेऊन भुशाच्या गंजीमागे जाई आणि मोकळ्या हातांनी परते. हे त्यांनी दोनदा पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती घरी निघाली तेव्हा त्यांनी तिला फाटकातच थांबवलं. “कंचनबाई, थैली दिखाना जरा.”

कंचनबाईनं पिशवी जमिनीवर रिकामी केली. अर्धी रोटी, दोन हिरव्या मिरच्या, नातीचा फाटका फ्रॉक. सगळं परत भरून ती म्हणाली, “कल से नहीं आऊँगी.”

तरीही मीनाताईंच्या मनात आलं, आज नेली नसतील.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गंजीमागे गेल्या. तिथं बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, मुंगूस येऊ नये म्हणून. आत तीन खुडूक कोंबड्या अंग फुगवून डझन-डझन अंड्यांवर बसल्या होत्या. शेजारी पाण्याचं भांडं आणि वाटीत भिजवलेला मका.

मीनाताई तशाच कंचनबाईच्या घरी गेल्या.

“मुझे बताया क्यों नहीं?”

“बताती तो आप अंडे उठवा लेतीं. पिछली बार उठवाए थे ना?”

खरंच उठवली होती. गिऱ्हाइकं खोळंबली होती तेव्हा.

“बैठी मुर्गी को उठाना हमारे यहाँ पाप मानते हैं,” कंचनबाई म्हणाली. “छुपाया, हाँ. चोरी नहीं की.”

मीनाताई तिच्या सुनेसमोरच म्हणाल्या, “गलती मेरी थी. माफ़ करना.” कंचनबाईनं चहा दिला, पण कामाला यायला नाहीच म्हणाली.

पिल्लं निघाली तेव्हा मात्र ती बघायला आली, सोबत टोपली घेऊन. मीनाताईंनीच तसा निरोप धाडला होता. कंचनबाईनं बराच वेळ घेऊन एक काळी कोंबडी आणि तिची सात पिल्लं निवडली. मग पदर टोपलीवर ओढून घेत ती निघाली. मीनाताईंनी पुढे होऊन फाटक उघडलं आणि त्या बाजूला सरून उभ्या राहिल्या.