मालतीबाईंनी जोडून दिलेल्या बहिणी

नाकाडोंगरीहून वडिलांसोबत मी भंडाऱ्याच्या महिला वसतिगृहात आले, तेव्हा मालतीबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी वडिलांना पाणी दिले. माझ्या पेटीची एक कडी स्वतः धरली आणि दुसरी धरायला एका उंच मुलीला हाक मारली. "ही तुझी थोरली," त्या मला म्हणाल्या. "काही अडलं तर हिला विचार. हिला नाही समजलं तर माझ्याकडे ये." ती मुलगी बाईंचीच लेक असावी असे वडिलांना वाटले. ती जवाहरनगरची, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतली होती. पुढच्या रविवारी तिने मला आपल्या क्वार्टरमध्ये जेवायला नेले आणि तिच्या आईने काही न विचारता माझ्या केसांना तेल लावले.

बाई मराठी शिकवत आणि वसतिगृहाच्या अधीक्षक होत्या. दर वर्षी नव्या मुलीला त्या एक थोरली नेमून देत. दोघी एका गावच्या नसाव्यात, एका समाजाच्या नसाव्यात, याकडे त्यांचे लक्ष असे. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. आमच्या ध्यानात आले तेव्हा आम्ही स्वतः थोरल्या झालो होतो. कॉलेज सुटले की नाते सुटते, हे बाईंना मान्य नव्हते. माझी थोरली आज रायपूरला असते. माझ्या घरचे लग्न असो की दुखणे, पहिला फोन तिला जातो.

बाईंच्या शिकवण्याविषयी या गौरवग्रंथात इतर लेखक लिहितील. मी एकच प्रसंग सांगते. पहिल्या वर्षी 'माझे गाव' या निबंधात मी गावाला निसर्गरम्य म्हटले होते. बाईंनी मला बोलावले.

"घरातून बाहेर पडलं की समोर काय दिसतं?"

"ट्रक," मी म्हटले. "मँगनीजचे."

"आणि?"

"धूळ. मग जंगल."

"मग याच क्रमानं लिही."

मी नंतर जे काही लिहिले, ते या क्रमाने लिहिले.

बाई मऊ स्वभावाच्या नव्हत्या. संध्याकाळी उशिरा आलेल्या मुलीशी त्या दुसऱ्या दिवसापर्यंत बोलत नसत. ताटात अन्न टाकलेले त्यांना चालत नसे. त्यांचा एक नियम मात्र इतर कोणत्या वसतिगृहात असल्याचे मी ऐकलेले नाही. सुट्टीला गेलेली मुलगी परत आली नाही, तर तिच्या थोरलीने तिच्या घरी जायचे. तिथे जेवायचे. वाद घालायचा नाही.

माझी धाकटी वनिता. करडी गावची, धानाची शेती असलेल्या घरातली. माझ्या शेवटच्या वर्षी ती दिवाळीला घरी गेली आणि परतली नाही. मी निघाले तेव्हा बाईही सोबत आल्या.

वनिताच्या आजीने आम्हाला बसायला खाट दिली. मग माझ्याकडे पाहून विचारले, "ही कोन व्हय?"

"वनिताची थोरली," बाई म्हणाल्या.

"तिले तं बहीनच नाही."

"कॉलेजातली."

"अस्सं. आडनाव काय व्हय, बाई, तुहं?"

मी सांगितले. आमच्या भागात आडनाव सांगितले की पुढचे विचारावे लागत नाही. आजी आत गेली. थोड्या वेळाने बाईंचे ताट आतल्या खोलीत वाढले गेले आणि माझे बाहेर, सपरीत. सपरी म्हणजे घरापुढची पडवी.

बाई आपले ताट घेऊन उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. मागोमाग वनिताही आपले ताट घेऊन आली. तिघी खाली मान घालून जेवू लागलो. कोंबड्या जवळ यायला लागल्या. आजी दारात उभी राहून पाहत होती.

"अवो, तिथं कोंबड्या तोंड घालतेत," ती शेवटी म्हणाली. "आत या साऱ्या. जेवू बी नाही देत सुखानं."

उरलेले जेवण आम्ही आत केले. आजीने मला दुसऱ्यांदा भात वाढला आणि मी पुरे म्हटल्यावरही वाढला.

वनिताचे वडील शेतावरून आले. त्यांनी बाईंना हात जोडले आणि उभ्यानेच सांगितले, "सोयरीक जमली, म्याडम. धान निंगला का लगन हाय. आता परीक्षा कायले?"

"बरं," बाई म्हणाल्या. "लग्नाला बोलवा."

परतीच्या एसटीत मी रडत होते. बाईंनी तिच्या वडिलांना काहीच कसे सांगितले नाही, असे मी विचारले. बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आज भांडले असते तर पुन्हा त्या घरी जाता आलं नसतं."

त्या पुन्हा गेल्या. वनिताच्या लग्नाला वसतिगृहातल्या मुलींना करवल्या म्हणून घेऊन गेल्या. तिच्या पहिल्या बाळंतपणात भेटून आल्या. तिच्या सासरच्या गावातून वसतिगृहात मुलगी आली, की बाई तिला सांगत, "तुझी थोरली वनिता. तुमच्याच गावात आहे." दोघी एका गावच्या नसाव्यात, हा स्वतःचाच नियम त्या तिथे मोडत. त्या मुलींचे वडील शिक्षण थांबवायला निघाले, की वनिता त्यांच्या अंगणात जाऊन बसे. तिच्या या धाकट्यांपैकी एक आज नर्स आहे, एक तलाठी आहे. वसतिगृहाच्या मेळाव्याला मात्र वनिता कधी आली नाही. मी आग्रह केला की म्हणायची, "तुम्ही साऱ्या पास झाल्या. मी कोन्या तोंडानं येऊ?"

गेल्या वर्षी आम्ही माजी विद्यार्थिनींचे मंडळ रीतसर स्थापन केले. इतर मंडळांचे पाहून नियम केले. त्यात आमच्या कॉलेजची पदवी घेतलेलीच सभासद होऊ शकेल, असा एक नियम होता. तो मंजूर होताना कोणी काही बोलले नाही, मीही नाही. बाईंना अध्यक्ष करायचे आणि त्यांची पंचाहत्तरी साजरी करायची, असे ठरले. त्यांची संमती घ्यायला आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "वनिता सभासद आहे?"

"तिला खास पाहुणी म्हणून बोलावणार आहोत," आमच्यातली एक म्हणाली.

"पाहुणी कशी? दीड वर्ष राहिली ती वसतिगृहात."

"मॅडम, नियम आहे. तिच्याकडे पदवी नाही."

"तुमच्या कॉलेजची पदवी माझ्याकडेही नाही. मी वर्ध्याला शिकले. मग मलाही पाहुणीच करा."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चहा केला, सुपारी दिली, मुलाबाळांची चौकशी केली. आम्ही निघालो तरी संमती दिली नाही. पंचाहत्तरी तशीच राहिली.

पुढच्या सभेत पुष्कळ बोलणे झाले. एकदा सूट दिली की मंडळाला अर्थ उरणार नाही, असे काहींचे म्हणणे होते आणि ते मनापासून होते. मी करडीच्या सपरीतले जेवण सांगितले. बरीच वर्षे ते मी कोणाला सांगितले नव्हते. त्यानंतर नियम बदलला. या वसतिगृहात जी राहिली ती सभासद, एवढाच तो आता आहे. बाईंनी त्याच दिवशी होकार कळवला.

वनिताला मी फोन केला.

"सभासद? मी? काहून पन?"

"राहिली होतीस म्हणून."

ते वाक्य तिने मला पुन्हा म्हणायला लावले. मग म्हणाली, "मंचावर बसा लागल का? मले साडी पाहा लागल."

ती समारंभाला येणार आहे. या ग्रंथासाठी लिही, असे मी तिला सांगितले होते. लिहायची सवय राहिली नाही म्हणाली. पण बाईंसाठी निरोप दिला. तो तिच्या शब्दांत देते: "बाईले सांग, तुम्ही इतक्या खेपा आल्या आन् दर खेपेले संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. आता नवा धान निंगला का मुक्कामाले या. आठ दिवस. आता मी बी तुमच्यातलीच हावो, नाही म्हनू नोका."

बाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे आणि त्या काठीशिवाय घरात चालू लागल्या आहेत. त्यांच्या पायांत बळ यावे, डोळ्यांना वाचता यावे, अन्न गोड लागावे. या हंगामाचा मुक्काम त्यांना घडावा. आणि पुढच्या कितीतरी हंगामांत, निघते म्हणताच वनिताने त्यांची पिशवी लपवून ठेवावी.