रजिस्टरातली शेवटची ओळ

नोकरीत खून, दरोडे बरेच पाहिले आणि त्यातले कितीतरी विसरलोही. ठाकुर्लीच्या एका बापाने केलेली बनावट नोंद मात्र अजून डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा कल्याण भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना एका जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. शाळेच्या जनरल रजिस्टरात कोणीतरी नाव घुसवलंय, असं त्या म्हणाल्या. जाऊन पाहिलं. स्वातंत्र्याच्या आधीचं रजिस्टर, पानं पिवळी पडलेली. एका पानाच्या तळाशी, रिकाम्या ओळीत एका मुलाचं नाव आणि पुढे ‘कोळी’ अशी जात. बाकीच्या नोंदींची शाई तपकिरी झालेली. हिची काळीभोर आणि कागदावर फुटलेली. त्या नावाचा उतारा मागणारा अर्ज आठच दिवसांपूर्वी आला होता. पंचनामा करून रजिस्टर ताब्यात घेतलं आणि अर्जदाराला बोलावलं.

पन्नाशीचा माणूस, खासगी कंपनीत कारकून. सोबत मुलगी आली होती; तिला बाहेर बाकावर बसवलं. तिला वैद्यकीयला प्रवेश मिळाला होता. जात पडताळणीचा दाखला महिनाअखेरपर्यंत दिला नाही तर जागा जाणार होती, आणि त्यासाठी पूर्वजाचा जुना पुरावा लागत होता. अर्जातलं नाव त्याच्या आजोबांचं होतं.

चौकशीत तो दोन तास एकच सांगत राहिला, की नोंद आधीपासूनच होती. सराईत माणूस अधिकाऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलतो. हा सारखा दाराकडे बघत होता. शेवटी मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि आजोबांचं नाव लिहायला सांगितलं. त्याने पेन उचललं, पण लिहिलं नाही.

“मीच लिहिलं, साहेब,” तो म्हणाला. “तीन वेळा रजिस्टर चाळलं. आजोबा सापडलेच नाहीत. पण आम्ही कोळीच आहोत हो. मुलीला यातलं काही माहीत नाही.”

कबुली मिळाली तरी मला चैन पडेना. हा खरं बोलत असेल, तर बापाच्या करणीने मुलीचा खरा हक्क बुडणार होता. खोटं बोलत असेल, तर ती दुसऱ्या कोणाची जागा अडवून बसली होती. आणि महिना संपायला फार दिवस उरले नव्हते. आजोबांना पाहिलेलं कोणी हयात आहे का, असं विचारलं. खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्याची आत्या होती. पण एका लग्नातल्या मानपानावरून तिच्याशी वीस वर्षं बोलणं बंद होतं, म्हणून तो तिच्याकडे गेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिचा जबाब घ्यायला गेलो. म्हातारी सुकट निवडत बसली होती.

“बा त्या शालंन गेलाच नाय,” ती म्हणाली. “त्याची आय मेली, तवा मामानी खाडीपल्याड नेला. दोन वरसा तिकरंच शिकला. मना कोनी इचारलाच नाय.”

हवालदाराला घेऊन मी तडक पलीकडच्या गावातली शाळा गाठली. तिथल्या रजिस्टराच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. एकेक पान जपून उलटत गेलो. अखेर नाव दिसलं. पालक म्हणून मामा, जात कोळी, आणि शेऱ्यात शाळा सोडण्याचं कारण : मासेमारीस गेला.

परत येऊन हे मी त्या बापाला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे फक्त आत्याला विचारायचं होतं.”

गुन्हा दाखल झाला होता, तो काही पुसता येत नव्हता. मी दोषारोपपत्र पाठवलं आणि खरी नोंदही त्यात नमूद केली. मुलीने खाडीपलीकडच्या शाळेतून रीतसर उतारा घेतला. दाखला मुदतीच्या आदल्या दिवशी हातात पडला. बापाने कोर्टात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. नोकरी गेली ती गेलीच.

ज्याला काही लपवायचं असतं तोच खोटं करतो, अशी तोवर माझी समजूत होती. या माणसाकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं. तो घाबरला होता, आणि त्याचा अबोला भीतीहून मोठा होता. त्यानंतर चौकशीला समोर बसलेल्या प्रत्येकाला मी ‘असं का केलंस’ याच्या आधी एक प्रश्न विचारायचो : ‘करण्यापूर्वी कोणाशी बोलला होतास?’ बहुतेकांचं उत्तर एकच असायचं. कोणाशीच नाही.